उभं राहणं मी कुणाकडून शिकलो

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत माझा एक लेख आहे. चीगाँगचे सुरुवातीचे धडे झाल्यावर पुढच्या तीन पद्धतींचा मी अभ्यास केला, आणि विचारपूर्वक त्यांतली स्थिर उभं राहण्याची पद्धत निवडली, असं मी त्यात लिहिलं आहे. सोबत फोटो आहे: मी मैदानावर डोळे अर्धे मिटून, हात पोटासमोर धरून उभा आहे. फोटो खरा आहे. लेख खरा नाही. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि पुढची स्मरणिका कधी निघेल याचा भरवसा नाही, म्हणून हे आताच लिहितो.

सेलूच्या एका हायस्कुलात मी तीसेक वर्षं कवायत शिकवली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझा उजवा खांदा आखडला. सदऱ्याची बाही चढवायला बायको लागायची. "आयुष्यभर लोकांची पोरं सावधान-विश्राम केली, आता स्वतःचा एक हात वर जाईना," असं म्हणत ती बटणं लावायची. शेवटी परभणीच्या एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी मालिश, शेक वगैरे केलंच, पण जाता जाता चीगाँग नावाच्या चिनी व्यायामाच्या आठ हालचाली शिकवल्या. दोन्ही तळहातांनी आभाळ पेलायचं, धनुष्य ओढल्यासारखं करायचं, सगळं सावकाश, श्वासाबरोबर. मला हसू आलं होतं. पण चार महिन्यांत खांदा सुटला.

मग काय, मी शाळेच्या मैदानावर रोज सकाळी ते करू लागलो. हळूहळू आठ-दहा निवृत्त मंडळी जमली. गावात त्याला 'चिनी कवायत' म्हणू लागले. आणि खरोखर ती कवायतच झाली होती, कारण मी पुढे उभा राहून "एक, दोन, तीन, चार" मोजायचो. श्वाससुद्धा आकड्यावर. डॉक्टरबाईंनी एकदा सांगितलं होतं, मोजू नका. पण ज्याने तीस वर्षं मोजून हात वर केले, त्याला न मोजता हात वर करता येत नाही.

आठही हालचाली पक्क्या झाल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पुढचं काहीतरी एक निवडा. एक आहे पाच प्राण्यांचा खेळ: वाघ, हरीण, अस्वल, माकड, बगळा. दुसरा मोठा संच आहे, तो स्नायूंना चांगलाच ताण देतो. तिसरं म्हणजे नुसतं उभं राहणं, झाडासारखं. कुठलंही घ्या, पण एकच घ्या आणि दोन वर्षं सोडू नका."

"सोपं कुठलं?" मी विचारलं.

"सोपं विचारू नका सर. तुमच्याजवळ टिकेल कुठलं ते बघा."

ताणाचा संच या वयात नको वाटला. उभं राहण्याचा तर मी विचारच केला नाही. वर्गात आणि मैदानावर मी आयुष्यभर जी शिक्षा दिली ती हीच होती: जा, तिकडे उभा राहा. जी गोष्ट शिक्षा म्हणून दिली ती साधना कशी असेल? मी पाच प्राणी घेतले. खरं कारण सांगायचं तर, ते दिसायला छान होते. मैदानावरच्या मंडळींसमोर वाघ केला की लोक बघत राहतील, असं मनात होतं. मोबाईलवर एका चिनी म्हाताऱ्याचे व्हिडिओ सापडले. चांगलं जमेपर्यंत कुणी बघू नये म्हणून मी सरावाला शेतात जाऊ लागलो.

आमचं शेत गावापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. रब्बीची ज्वारी निघाली की दर वर्षी तिथे मेंढ्या बसतात. म्हणजे जिंतूर तालुक्यातल्या डोंगराकडून धनगरांचं एक कुटुंब कळप घेऊन उतरतं, मोकळ्या रानात जाळीचं कुंपण करतं, त्याला ते वाघूर म्हणतात, आणि मेंढ्या रात्री त्यात बसवतं. दोन-तीन आठवड्यांत रानाला वर्षाचं खत मिळतं. त्यांना घरातून ज्वारी जाते. निघायच्या दिवशी माझी बायको धनगरणीची ओटी भरते. हे आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. त्या कुटुंबातला म्हातारा माझ्याच वयाचा. मी त्याला मामा म्हणतो, तो मला सर म्हणतो. तोपर्यंत आमचं बोलणं पाऊस, चारा आणि विहिरीचं पाणी यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी धसकटांत उभा राहून हरीण करत होतो. मान वळवायची, कंबर वळवायची, मागे बघायचं. तो बांधावर काठीला टेकून उभा होता.

"सर, मघाधरनं बघायलोय," तो म्हणाला. "कमरंला काय झालंय?"

"कमरेला काही नाही. हे हरीण आहे."

त्याने रानभर नजर फिरवली. "कुठाय?"

"मी. मी हरीण करतोय."

"असं व्हय. मला वाटलं, काटा मोडला."

मी मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. त्याने तो हसून टाळला नाही. काठी काखेत धरून, मान वाकडी करून, पूर्ण बघितला. मग म्हणाला, "ह्या बाबाचं बरं हाय. त्यानं हरणं बघितलीत. तुमचं हरीण भ्यालंय सर. आणि भ्यालेलं हरीण उडी तरी मारतं."

मला राग आला. "बरं, वाघ बघा," म्हणून मी पंजे काढून वाघ केला.

"वाघ म्या बघितला न्हाई," तो म्हणाला. "तुमीबी न्हाई. मंग कशाला करायचा?"

मी धसकटांवर रुमाल टाकून खाली बसलो. तो म्हणाला, "हरीण बघायचंय का? बसू नका मंग. उभं राहा. इथं, माझ्याजवळ."

आमच्याकडे काळविटं भरपूर. शेतकरी त्यांना शिव्या देतात, कोवळी पिकं खातात म्हणून. मी ती शेकडो वेळा बघितली होती, पण नेहमी पळताना, नेहमी लांब. मामाचा कुत्रा पलीकडे वाघुरीजवळ बांधलेला होता. मामा उभा राहिला. त्याचं उभं राहणं मी लहानपणापासून बघत आलो होतो, कारण सगळेच मेंढके तसे उभे राहतात: दोन्ही हात काठीच्या टोकावर, हनुवटी हातांवर, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून. मला वाटायचं, हे लोक उभ्या उभ्या डुलक्या घेतात.

मला त्याने काठी दिली नाही. "तुमी दोन पायांवर राहा. टाच जमिनीत सोडा. गुडघा ताठ करू नका, ताठ केला की रगत तटतं. हात कुठंबी राहू द्या."

"आणि बघायचं कुठे?"

"कुठंच न्हाई. एक मेंढी बघत बसलं की बाकीच्या जातात. सगळा कळप बघायचा, आन् कुठंच बघायचं न्हाई."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांबद्दल असंच काहीतरी सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी उभा राहिलो. अर्थातच मोजू लागलो. शंभरापर्यंत पाय दुखले. दीडशेला खांदा बोलू लागला. दोनशेच्या पुढे तळपायांत ऊब आली, जमिनीतून चढल्यासारखी. ऊन उतरलं होतं. मेंढ्यांच्या दातांचा आवाज येत होता.

नाल्याच्या बाजूने हरणं आली. आधी एक काळा नर, पिळाच्या शिंगांचा. त्याच्यामागे सात-आठ तांबूस माद्या. नर थांबला. त्याने आमच्याकडे बघितलं. मी श्वास धरला, तेवढ्यात मामा ओठ न हलवता म्हणाला, "सोडा." मी श्वास सोडला. नराने नाकातून आवाज केला, पाय आपटला, आणि मग, मला आजही सांगता येत नाही कसं, त्याने आम्हाला मोजणीतून काढून टाकलं. तो खाली मान घालून धसकटांतलं गवत खाऊ लागला. आम्ही त्याच्यासाठी दोन बाभळी झालो होतो.

एक मादी खात खात पुढे आली. चार पावलांवर. तीन. गवत तुटल्याचा आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला. तिच्या कानाच्या मुळाशी एक गोचीड होती. तिचे कान सारखे हलत होते, पण मान, पाठ, पाय असे होते की आतून पाणी भरलं आहे आणि ते एका जागी ठेवलं आहे. ती स्थिर होती आणि पूर्ण तयार होती, दोन्ही एकदम. व्हिडिओतला म्हातारा काय करत होता ते मला तेव्हा दिसलं. तो मान वळवत नव्हता. तो हे करत होता.

किती वेळ गेला माहीत नाही. मादीने आपणहून मान उचलली, आणि ती सगळी आली तशी गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसावंसं वाटलं नव्हतं.

"मोजत होता," मामा म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ओठ हलायले होते. हरणं आली तवा थांबले."

खरंच होतं. दोनशे एकसष्टनंतर आकडा कुठे गेला ते मला आठवत नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही मेंढ्या मोजत नाही?"

"म्या न्हाई मोजत. उणी असली की कळतं."

"कसं?"

त्याने कळपाकडे बघितलं. "कमी वाटतं," म्हणाला.

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ उभा राहिलो. तो फारसं बोलायचा नाही. कधी काठीचं टोक माझ्या गुडघ्याला लावायचा, कधी "खांदा" एवढंच म्हणायचा. मी पाच प्राणी सोडले. मी निवड केली असं लेखात लिहिलं आहे. निवड माझी नव्हती. मला शिक्षा वाटायची ती गोष्ट केवढी आहे हे एका माणसाने मला दाखवलं, आणि त्यानंतर दुसरं काही निवडायला जागाच उरली नाही.

आता माझ्या वागण्याचं लिहितो.

सकाळी मैदानावर मी उभा राहून दाखवू लागलो. वीस मिनिटं, न हलता. मंडळी थक्क झाली. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलात सर?"

मी म्हणालो, "परभणीच्या बाईंनी पुढची पायरी दिली. चीनमधली फार जुनी पद्धत आहे. बाकी आपला अभ्यास."

असं का म्हणालो? मेंढक्याने शिकवलं म्हटलं असतं तर लोक हसले असते, एवढंच. चीन लांब होता म्हणून मोठा होता.

दोन दिवसांनी मामा मैदानावर आला. शेतातल्या विहिरीची मोटर बंद पडली होती, ते सांगायला घरी गेला होता. बायकोने त्याला इकडे पाठवलं. आम्ही सगळे उभे होतो, मी पुढे. त्याने काही वेळ बघितलं असावं. मग तो सरळ माझ्याजवळ आला आणि काठीचं टोक माझ्या गुडघ्याला लावून म्हणाला, "सर, गुडघा."

मागे कुणीतरी हसलं. पोस्टमास्तर म्हणाले, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमच्या शेतात मेंढ्या बसवतात. यांना सगळ्याचीच गंमत वाटते." आणि त्याच्याकडे वळून, शाळेतल्या आवाजात म्हणालो, "मामा, तुम्ही शेतात थांबा. मी येतो."

त्याने काठी उचलली. "मोटर बंद हाय," एवढं सांगितलं आणि गेला.

मी दुपारी शेतात गेलो तेव्हा वाघूर काढलेली होती. ठरल्यापेक्षा चार दिवस आधी कळप उठला होता. बायकोने ओटीसाठी खण आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. "काही बोललात का त्यांना?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या मेंढ्या बसवल्या. त्याच वर्षी स्मरणिका निघाली आणि मी तो लेख लिहिला. त्याच्या पुढच्या वर्षीही ते आले नाहीत. मी रोज उभा राहत होतो, पण पुन्हा मोजायला लागलो होतो. हरणं यायची, लांबूनच जायची.

मग परभणीला डॉक्टरबाईंकडे जाणं झालं. "दोन वर्षं झाली. दाखवा बरं काय निवडलंत," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या खोलीत उभा राहिलो. त्या माझ्याभोवती एक फेरी मारून समोर आल्या.

"हे मी शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "व्हिडिओतलंही नाही. भार असा टाचेत सोडायला माणूस शिकवावा लागतो. कोण आहेत ते?"

मी सदऱ्याची बाही सारखी करू लागलो.

"सांगायचं नसेल तर राहू द्या. पण त्यांना माझा नमस्कार सांगा."

तो नमस्कार घेऊन मी घरी आलो, आणि मला तो ठेवायला जागा मिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंतूरकडची बस धरली. चारठाण्याला उतरून चहाच्या टपरीवर चौकशी केली, तिथून एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. माळावर तो उभा होता. हनुवटी काठीवर, एक पाय गुडघ्याला. दोन वर्षांत वाकला होता, पण उभं राहणं तेच. त्याने शिकवल्यासारखा श्वास सोडत मी जवळ गेलो.

"या सर," तो मान न वळवता म्हणाला. "बसा म्हणलं असतं, पर इथं सराट्याचं काटं हायती. उभेच राहा."

मी शेजारी उभा राहिलो. टाच जमिनीत सोडली आणि म्हणालो, "मामा, त्या दिवशी मैदानावर मी चुकीचं बोललो."

"चुकीचं काय? मेंढ्या बसवतो म्हणला. बसवतोच की."

"तुम्ही मला शिकवलं, हे बोललो नाही."

"हां," तो म्हणाला. "ते न्हाई बोलला."

मेंढ्या पुढे सरकल्या. आम्हीही थोडे सरकलो.

"राग आला असेल," मी म्हणालो.

"राग न्हाई. पर त्या दिवशी तुमच्या रानात उभं राह्यलो, तर पाय हलायले. आयुष्यात पहिल्यांदा. मंग मेंढरं बी हलायली. म्हणून उठलो."

मी फुटलेले बंधारे, पूर, दुष्काळ बघितले आहेत. माझ्या एका वाक्याने त्या माणसाचे पाय हलले, याच्याएवढं काही मला मोठं वाटलेलं नाही. मी हात जोडले. तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग? मला ठाऊकच हाय. ज्यांला दुसरं सांगितलं, त्यांला सांगा."

"सांगतो. आणि परभणीच्या डॉक्टरबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"मला? त्या मला कुठं वळखतात?"

"ओळखत नाहीत. माझं उभं राहणं बघितलं आणि म्हणाल्या, शिकवणाऱ्याला सांगा."

तो हनुवटी काठीवर ठेवून समोर बघत राहिला, सगळीकडे आणि कुठेच नाही. मग काठीचं टोक माझ्या पायाला लागलं.

"गुडघा सोडा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी सगळं सांगितलं. पोस्टमास्तरांनी विचारलं, "म्हणजे ते चिनी नव्हतंच?"

"पद्धत चिनी आहे. मला उभं करणारा चारठाण्याकडचा आहे."

"मग त्यांनाच बोलवा की सर," मागून एकजण म्हणाला. "तुमी लय मोजता."

सगळे हसले, मीही. मग आम्ही उभे राहिलो. त्या दिवशी मी मोजलं नाही. निदान ओठ हलले नसावेत. हजारो कोसांवर कुणी म्हातारा झाडासारखं उभं राहायला शिकला, आणि इथे आमच्या माळावर मेंढ्या राखणारा कुणालाही न विचारता तिथेच पोचला, हे मनात आलं की अजून अंगावर काटा येतो. मैदानावरच्यांना सांगून झालं. स्मरणिका वाचणारे राहिले होते, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

परवा बायकोच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. तिने तो मला दिला.

"सर, ज्वारी काढली का?"

"खालच्या वावरातली राहिलीय. दोन दिवसांत निघेल."

"काढा मंग," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

बायकोने विचारलं, "कोण होतं?" मी तिलाही सगळं सांगितलं, मैदानावर काय बोललो होतो तेसुद्धा. तिने ऐकून घेतलं. मग उठून कपाट उघडलं आणि तीन वर्षांपूर्वीचा तो खण काढून उन्हात टाकला.